डिस्कवर उतरायच्या डेटाचा ढीग: मर्यादा वाढवू नका, कमी करा

तुमची अडचण थोडक्यात अशी आहे. १२८ जीबी रॅमचा लिनक्स सर्व्हर, ७२०० आरपीएमच्या चार हार्ड डिस्कचा रेड १०, त्यावर एक्स्ट४ फाइल सिस्टिम. त्यात पोस्टग्रेस डेटाबेस चालतो आणि त्याच फाइल सिस्टिमवर रात्री एक प्रोग्रॅम मोठमोठ्या एक्स्पोर्ट फाइली लिहितो. एक्स्पोर्ट चालू असताना अधूनमधून डेटाबेस थिजतो, साधा कमिटही (बदल पक्का करणं) पाच-दहा सेकंद अडकतो, आणि त्या वेळी सीपीयू रिकामा बसलेला असतो. तुमच्या टीममधून तीन उपाय पुढे आलेत: डर्टी रेशो (डिस्कवर न उतरलेला डेटा रॅममध्ये किती साचू द्यायचा याची टक्केवारी) २० वरून ४० करायचा, क्रॉन या वेळापत्रकातून दर मिनिटाला सिंक (साचलेलं सगळं डिस्कवर लिहिण्याची आज्ञा) चालवायचं, किंवा फाइल सिस्टिम सरळ सिंक पर्यायाने माउंट करायची.

तिन्ही करू नका. त्यातला पहिला तर नेमका उलट्या दिशेला जातो, पण लोक आधी तोच करून बघतात.

प्रोग्रॅमने राइट केलं की डेटा डिस्कवर जात नाही, रॅममधल्या पेज कॅशमध्ये जातो आणि ते पेज 'डर्टी' म्हणून नोंदवलं जातं. डिस्कवर उतरवण्याचं काम पुढे कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, फ्लशर करतो. फ्लशर कामाला लागतो तो दोन कारणांनी. एक कारण वयाचं: दर ५ सेकंदांनी तो उठतो आणि ३० सेकंदांहून जुनी डर्टी पेजेस लिहून काढतो. दुसरं कारण ढिगाच्या आकाराचं: डर्टी पेजेस 'बॅकग्राउंड रेशो'च्या म्हणजे १० टक्क्यांच्या वर गेली की वय न बघता लिहायला सुरुवात करतो. 'डर्टी रेशो', म्हणजे २० टक्के, ही वरची हद्द. तिच्याकडे जाताना कर्नल लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबवायला लागतो. हे थांबवणं २० टक्के गाठल्यावर अचानक सुरू होत नाही. दोन मर्यादांच्या मध्यबिंदूपर्यंत प्रोग्रॅम मोकाट धावतो, तिथून पुढे त्याला छोट्या छोट्या डुलक्या घ्यायला लावतात. एक डुलकी जास्तीत जास्त २०० मिलिसेकंदांची असते.

हे टक्के एकूण रॅमचे नाहीत. मोकळी मेमरी आणि फाइलींची पेज कॅश मिळून जे होतं त्याचे आहेत. पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर (त्याने स्वतःसाठी राखलेली मेमरी) आणि इतर प्रोसेसेस वजा केल्या तर तुमच्याकडे ही मेमरी ९० जीबी धरू. मग बॅकग्राउंड मर्यादा झाली ९ जीबी आणि वरची १८ जीबी. चार डिस्कचा रेड १० सलग लिहिताना सेकंदाला साधारण ३०० एमबी उतरवेल. म्हणजे फ्लशर ढिगाच्या आकारामुळे जागा होतो तेव्हाच त्याच्यापुढे अर्ध्या मिनिटाचं काम पडलेलं असतं, आणि वरच्या मर्यादेला पूर्ण मिनिटाचं. हा हिशेब सलग लिहिण्याचा आहे. डेटाबेसची ८ केबीची पानं विखुरलेली असतात. अशा कामात हा रेड सेकंदाला फार तर २०० जागी लिहू शकतो, म्हणजे दीड एमबीच्या आसपास. विखुरलेल्या पानांचा एक जीबी साचला तर तो उतरायला ११ मिनिटं लागतील. कर्नल शेजारची पानं जोडून घेतो, क्रम लावतो, त्यामुळे प्रत्यक्षात इतकं वाईट होत नाही, पण परिस्थितीचा अंदाज यावा. आता रेशो ४० केला तर ढीग ३६ जीबीपर्यंत वाढेल. अडकणं उशिरा सुरू होईल आणि सुरू झालं की दुप्पट वेळ टिकेल. पहिल्या दहा मिनिटांच्या चाचणीत मात्र सगळं झकास दिसेल. हा सल्ला इतका टिकून आहे तो बहुधा त्यामुळेच.

टक्क्यांची ही पद्धत आली त्या काळी सर्व्हरला एक-दोन जीबी रॅम असायची. रॅम शंभर पटींनी वाढली, फिरत्या डिस्कचा वेग त्या मानाने वाढला नाही, आणि मर्यादा मात्र टक्क्यांतच राहिल्या. म्हणून मोठ्या रॅमवर टक्क्यांची भाषाच सोडून द्यावी. त्यासाठी कर्नलमध्ये 'डर्टी बॅकग्राउंड बाइट्स' आणि 'डर्टी बाइट्स' या दोन सेटिंग आहेत. बाइट्सची किंमत दिली की त्या जोडीतली टक्केवारी आपोआप शून्य होते, तेव्हा ती शून्य दिसली तर घाबरू नका. माझा ठोकताळा असा: बॅकग्राउंड मर्यादा म्हणजे डिस्क एका सेकंदात सलग जेवढं लिहील तेवढं, आणि वरची त्याच्या चौपट. तुमच्यासाठी २५६ एमबी आणि १ जीबी. प्रोग्रॅमला पहिली डुलकी ६४० एमबीला लागेल. एक्स्पोर्टचा एकूण वेळ जवळपास तेवढाच राहील, कारण डिस्क आधीही ३०० एमबीनेच लिहीत होती. फरक एवढाच पडेल की ती अर्धा मिनिट निवांत बसून मग जीव खाऊन लिहिण्याऐवजी पहिल्या सेकंदापासून लिहायला लागेल. दिवसभराची भांडी रात्रीवर ठेवली म्हणून भांडी कमी होत नाहीत, फक्त रात्री मोरीत पाय ठेवायला जागा राहत नाही.

मोठी मर्यादा कधीच कामाची नाही असं नव्हे. कंपायलर हजारो छोट्या तात्पुरत्या फाइली बनवतो आणि काही सेकंदांत पुसतो. त्या डिस्कपर्यंत न जाणंच चांगलं. एकच पान पुन्हा पुन्हा बदलत असेल तर उशिरा लिहिल्याने दहा राइटच्या जागी एकच होतो. बिल्ड मशीनवर मी रेशो चढाच ठेवतो. पण ज्या मशीनवर कोणीतरी फसिंक करून, म्हणजे 'ही फाइल डिस्कवर पक्की लिहून दे' असं सांगून, उत्तराची वाट बघत बसलंय, तिथे नाही.

कारण तुमचं खरं दुखणं फसिंकमध्ये आहे. कमिट म्हणजे पोस्टग्रेसने वॉल फाइलवर (प्रत्येक बदल आधी जिथे नोंदवला जातो त्या फाइलवर) केलेला फडेटासिंक, फसिंकचाच हलका प्रकार. तो काही केबींचा असतो, पण डिस्कच्या रांगेत एक्स्पोर्टच्या हजारो विनंत्या आधीच उभ्या असतात. शिवाय 'हे कायमचं लिहून झालं' असं डिस्कने सांगायचं तर तिला आपली अंतर्गत कॅश रिकामी करावी लागते, आणि त्या कॅशमध्येही एक्स्पोर्टचाच माल भरलेला असतो. त्यात फाइल सिस्टिमच्या जर्नलचा, म्हणजे तिच्या बदलांच्या नोंदवहीचा, वाटा वेगळा. एक्स्ट४च्या 'ऑर्डर्ड' मोडमध्ये नियम असा, की नव्या ब्लॉकची नोंद जर्नलमध्ये पक्की होण्याआधी त्या ब्लॉकचा डेटा डिस्कवर असला पाहिजे, नाहीतर वीज गेल्यावर फाइलमध्ये दुसऱ्याच कुणाचा जुना डेटा दिसेल. जर्नलचं ट्रान्झॅक्शन सगळ्यांचं मिळून एकच असतं. त्यामुळे एका फाइलच्या फसिंकला दुसऱ्याच फाइलचे शेकडो एमबी उतरण्याची वाट बघावी लागायची. एक्स्ट४च्या आधीच्या एक्स्ट३ वर हे फार छळायचं. २००८ साली फायरफॉक्स ३ आला तेव्हा त्याच्यातल्या एसक्यूलाइट डेटाबेसच्या फसिंकपायी लोकांचे अख्खे डेस्कटॉप अडकत होते ते याच कारणाने.

एक्स्ट४ने ब्लॉक वाटप लांबणीवर टाकायला सुरुवात केली तेव्हा हा त्रास कमी झाला. राइटच्या वेळी फक्त जागा राखून ठेवायची, नेमके कुठले ब्लॉक ते फ्लशरच्या वेळी ठरवायचं. तोवर फाइल किती मोठी होणार हे कळलेलं असतं, म्हणून सलग मोठे तुकडे मिळतात, आणि ज्यांना ब्लॉकच मिळालेले नाहीत अशी पानं जर्नलच्या मध्ये येत नाहीत. पण यातून २००९ मध्ये वेगळंच बिंग फुटलं. सेटिंगची फाइल नव्या नावाने लिहून, फसिंक न करता, जुन्या नावावर रिनेम करणारे प्रोग्रॅम सगळीकडे होते. एक्स्ट३ वर ५ सेकंदांच्या जर्नल कमिटमुळे ते नकळत बचावत होते. एक्स्ट४ वर मशीन मधेच बंद पडलं की शून्य बाइटच्या फाइली उरू लागल्या. एक्स्ट४ सांभाळणारे थिओडोर त्सो यांचं म्हणणं होतं की फसिंक न करणं ही प्रोग्रॅमची चूक, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होतं. तरी त्यांनी रिनेमच्या वेळी ब्लॉक लगेच वाटून डेटा लिहायला लावणारी दुरुस्ती केली, आणि ती आजही डीफॉल्ट आहे. तिच्यावर विसंबून मात्र राहू नका. एक्स्पोर्ट प्रोग्रॅम शेवटी फाइलीला पक्कं नाव देत असेल तर आधी फाइलीवर फसिंक, मग रिनेम, मग त्या डिरेक्टरीवर फसिंक, हाच क्रम ठेवा.

कर्नल ५.६ पासून एक्स्ट४ नवे ब्लॉक आधी 'अजून न लिहिलेले' म्हणून नोंदवतो आणि डेटा उतरल्यावरच ती खूण बदलतो. त्यामुळे 'ऑर्डर्ड'चा जुना गुंता आता बराचसा सुटला आहे. तुम्ही त्याहून जुन्या कर्नलवर असाल तर कर्नल बदलणं हाच कुठल्याही सेटिंगपेक्षा मोठा फायदा. पोस्टग्रेसला इथे आणखी एक सवलत मिळते. वॉलचे १६ एमबीचे तुकडे आधीच भरून ठेवलेले आणि पुन्हा वापरलेले असतात, त्यामुळे फडेटासिंकला फाइलचा आकार किंवा ब्लॉक बदलल्याची नोंद करावी लागत नाही आणि बहुतेक वेळा जर्नलच्या वाटेला जावंच लागत नाही. तुमच्याकडे मुख्य भांडण डिस्कच्या रांगेचं आहे असं मी म्हणतो ते यावरून. म्हणूनच वॉल वेगळ्या डिस्कवर, शक्य असेल तर वीज गेल्यावर कॅश वाचवणारे कपॅसिटर असलेल्या लहानशा एसएसडीवर हलवला, तर या लेखातल्या निम्म्या गोष्टींची गरज उरणार नाही. अशी एसएसडी कॅश रिकामी करण्याचा आदेश जवळपास फुकटात पार पाडते. घरगुती एसएसडीला ते जमत नाही, आणि फसिंकच्या चाचणीत ती कधीकधी इतकी मंद निघते की विकत घेणाऱ्याला धक्का बसतो.

आता उरलेले दोन उपाय. क्रॉनमधलं सिंक सगळ्या फाइल सिस्टिममधला सगळा डर्टी डेटा एकदम बाहेर ढकलतं. म्हणजे आज अधूनमधून येणारा झटका तुम्ही दर मिनिटाला वेळापत्रक लावून आणणार. सिंक माउंटमध्ये प्रत्येक राइट डिस्कची वाट बघतो. एक्स्पोर्ट छोट्या छोट्या तुकड्यांत लिहीत असेल तर रात्रीचं काम सकाळपर्यंतही उरकणार नाही. 'बॅरिअर (डिस्कला कॅश रिकामी करायला लावणारे आदेश) बंद करा' असा चौथा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईलच. कंट्रोलरला बॅटरी नसेल तर तो डेटाबेस गमावण्याचा रस्ता आहे, आणि बॅटरी असेल तर त्यातून फारसं काही मिळत नाही. एक्सएफएसने तो पर्याय ४.१९ मध्ये काढूनच टाकला.

कर्नलच्या बाजूने या भागात काय सुधारलं हे माहीत असणं उपयोगी, कारण जुने सल्ले त्या त्या काळच्या कर्नलवर बेतलेले असतात. २००९ च्या डिसेंबरपर्यंत पीडीफ्लश नावाचे दोन ते आठ थ्रेड सगळ्या डिस्कमध्ये मिळून काम करायचे. एक मंद डिस्क सगळ्यांना लटकवू नये म्हणून ते रांग भरलेली डिस्क सोडून पुढे जात, आणि मग तिच्याच वाट्याला काम कमी येई. २.६.३२ मध्ये कर्नल विकसक जेन्स ॲक्सबो यांनी प्रत्येक डिस्कला स्वतःचा फ्लशर दिला. त्यानंतरही एक खोट राहिली होती. मर्यादेला टेकलेला प्रोग्रॅम स्वतःच डेटा उतरवायला बसायचा. पन्नास प्रोग्रॅम टेकले की पन्नास जण आपापली फाइल लिहायला लागत आणि हार्ड डिस्कचं हेड इकडून तिकडे नाचत राही. २०१२ च्या जानेवारीतल्या ३.२ मध्ये वू फेंगग्वांग यांनी ते मोडीत काढलं. आता प्रोग्रॅम फक्त झोपतो, लिहिणं एकट्या फ्लशरने करायचं. किती झोपायचं ते डिस्कच्या मोजलेल्या वेगावरून ठरतं, आणि तो वेग दर २०० मिलिसेकंदांनी नव्याने अंदाजला जातो. फ्लशर एका फाइलचा तुकडाही त्याच वेगावरून ठरवतो: अर्ध्या सेकंदात लिहून होईल एवढा, पण किमान ४ एमबी. माझ्या मते या विषयातलं सर्वात मोलाचं काम ते. बाहेरून मात्र कुणाला कळलंही नाही.

तिसरा टप्पा २०१७ च्या ४.१० मधला. फ्लशरने रांगेत एकाच वेळी किती विनंत्या घालायच्या यावर तिथे लगाम आला. वाचनाला ठरावीक वेळेपेक्षा जास्त लागू लागलं की कर्नल फ्लशरच्या राइटची रांग आखूड करतो. फिरत्या डिस्कसाठी ही वेळ ७५ मिलिसेकंद, एसएसडीसाठी २. तुम्ही बीएफक्यू शेड्यूलर (डिस्कच्या विनंत्यांचा क्रम ठरवणारा भाग) निवडला असेल तर ही सोय बंद होते, तेव्हा रांगेच्या सेटिंगमध्ये 'डब्ल्यूबीटी लॅट' शून्य दिसतं का ते बघा.

एक्स्पोर्टला आयओनाइस (डिस्क वापरण्यातला अग्रक्रम ठरवणारी आज्ञा) लावून बघितलं आणि काही फरक पडला नाही असं तुम्ही लिहिलंय. पडणारच नव्हता. साधा राइट पेज कॅशमध्ये संपतो, डिस्कवर लिहितो फ्लशर, आणि फ्लशरला तुमच्या प्रोग्रॅमचा अग्रक्रम माहीत नसतो. लगाम घालायचा तर सीग्रुपची, म्हणजे प्रोग्रॅमच्या गटांना मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या सोयीची, दुसरी आवृत्ती वापरा. ४.२ पासून तिथे कुठल्या गटाने किती पानं डर्टी केली याचा हिशेब राहतो आणि फ्लशरने लिहिलेलंही त्या गटाच्या नावावर पडतं. पहिल्या आवृत्तीत हे नव्हतं, सगळं मूळ गटाच्या खात्यात जायचं. एक्स्पोर्टची सिस्टिमडी सर्व्हिस बनवा, तिला 'आयओ राइट बँडविड्थ मॅक्स' म्हणून १२० एमबी द्या आणि मेमरीची मर्यादा घाला. इथे एक खाचखळगा आहे. गटाची डर्टी मर्यादा त्याच्या वाट्याच्या मेमरीतून काढली जाते, आणि तुम्ही वर बाइट्स दिले असतील तर कर्नल आधी त्यांचं पूर्ण मशीनच्या मानाने प्रमाण काढतो. ९० पैकी १ जीबी म्हणजे एक टक्क्याच्या आसपास, तर ४ जीबीच्या गटाला साधारण ४५ एमबी मिळतील. एक्स्पोर्टला ते पुरतं. हाच गट पोस्टग्रेसभोवती बांधलात तर मात्र त्रास होईल.

एक्स्पोर्टचा सोर्स तुमच्या हातात असेल तर याहून सरळ मार्ग आहे. दर ८ एमबी लिहून झाले की त्या तुकड्यासाठी 'सिंक फाइल रेंज' हा कॉल फक्त 'सुरू कर' या अर्थाने द्यायचा. मग त्याच्या आधीच्या ८ एमबीसाठी 'पूर्ण होईपर्यंत थांब' म्हणायचं, आणि तो उतरला की 'ही पानं आता नकोत' असा फअडव्हाइज द्यायचा. डर्टी डेटा कधीच १६ एमबीच्या वर जात नाही आणि डेटाबेसची गरम पानंही कॅशमधून हाकलली जात नाहीत. रॉक्सडीबी हा डेटाबेस 'बाइट्स पर सिंक' नावाने हेच करतो. पोस्टग्रेसमध्येही ९.६ पासून 'चेकपॉइंट फ्लश आफ्टर' आहे (चेकपॉइंट म्हणजे बदललेली पानं डेटा फाइलींत उतरवण्याची फेरी), लिनक्सवर मुळात २५६ केबी. कोणी ते शून्य केलं असेल तर परत आणा, आणि पोस्टग्रेस १४ च्या आधीचं असेल तर 'चेकपॉइंट कंप्लिशन टार्गेट' ०.९ करा. पण या कॉलला फसिंक समजू नका. तो ना मेटाडेटा (फाइलीबद्दलची माहिती) लिहितो, ना डिस्कची कॅश रिकामी करतो. फाइल संपल्यावर खरा फसिंक हवाच, फक्त तोवर त्याच्यासाठी फारसं काम शिल्लक नसतं.

मोजल्याशिवाय यातलं काहीच लावू नका. एक्स्पोर्ट चालू असताना प्रॉकमधल्या मेमइन्फो फाइलीतल्या 'डर्टी' आणि 'राइटबॅक' या दोन ओळी दर सेकंदाला नोंदवा, शेजारी आयओस्टॅटमधला राइटचा सरासरी प्रतीक्षाकाळ. डर्टी हळूहळू ९ जीबीपर्यंत चढतोय आणि तिथे पोचताच प्रतीक्षाकाळ उसळतोय असं दिसलं तर निदान पक्कं. डर्टी काहीशे एमबीच असून कमिट अडकत असेल तर दोष ढिगाचा नाही, मग डिस्क स्वतःच आजारी आहे का, रेड दुरुस्ती चालू आहे का, ते बघा. सरासरीवर समाधान मानू नका. फसिंकला लागलेल्या वेळांपैकी सर्वात वाईट एक टक्का बदलापूर्वी आणि बदलानंतर शेजारी ठेवा.

क्रम असा ठेवा: आधी दोन बाइट मर्यादा, त्या चालू मशीनवर रीस्टार्टशिवाय लागतात आणि तशाच मागे घेता येतात. मग सीग्रुप. मग वॉलची जागा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण फसिंकचा विषय निघालाच आहे. डिस्कने लिहिताना चूक दिली तर लिनक्स ते पान स्वच्छ समजून पुढे जातो. पहिला फसिंक चूक सांगतो, दुसरा यशस्वी म्हणतो, आणि डेटा कुठेच नसतो. पोस्टग्रेसच्या लोकांना हे २०१८ मध्ये नीट उमगलं. फसिंक फसला की पुन्हा प्रयत्न करायचा, ही त्यांची तोवरची रीत चुकीची ठरली. २०१९ च्या फेब्रुवारीतल्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस अशा वेळी सरळ कोसळतं आणि वॉलवरून उभं राहतं. कर्नलनेही ४.१३ पासून चूक प्रत्येक उघड्या फाइल हँडलपर्यंत पोचवायची व्यवस्था केली आहे. तुमच्या एक्स्पोर्ट प्रोग्रॅममध्ये फसिंकचं उत्तर तपासलं जातं का ते बघा, आणि चूक आली तर पुन्हा फसिंक न करता फाइल टाकून देऊन पहिल्यापासून लिहायला लावा.